काचेतला चेहरा

इतकी वर्षं लोटली, तरी ते प्रकरण मनातून गेलेलं नाही. लातूर जिल्हा नवा झाला होता आणि त्यात दुष्काळ. मी चाकूरकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो.

एका गावात पाण्याला गेलेली बाई विहिरीत मरून पडलेली सापडली. मी टँकरच्या बंदोबस्तात अडकलो होतो, म्हणून जमादार पंचनाम्याला पुढे गेले. पोलिसांचा फोटोग्राफर नव्हता. बाजारातल्या स्टुडिओवाल्याला त्यांनी सोबत नेलं.

दोन दिवसांनी निनावी चिठ्ठी आली : ‘नवऱ्यानंच ढकललं. फोटो पाहा.’ स्टुडिओवाल्याने विहिरीवरच्या फोटोतला नवऱ्याचा चेहरा मोठा करून दुकानाच्या काचेत लावला होता. तोंड उघडं, दात दिसणारे. बायको मेली आणि हा हसतोय! ठाण्यापुढे माणसं जमली, ‘अटक करा’ म्हणून.

नवऱ्याला समोर बसवलं. त्याचं एकच, “साहेब, म्या हसलो न्हाई.”

जमादारांना विचारलं, “तुम्ही तिथं होतात. हसत होता?”

“तवा तसं वाटलं न्हाई, साहेब. पण फोटो पाहिल्यापासून हसत होता असंच वाटायलंय.”

मुरलेल्या जमादाराची आठवण एका फोटोने बदलली होती. मी स्टुडिओवाल्याला निगेटिव्हवरून पूर्ण फोटो काढायला लावला.

त्यात नवऱ्याच्या कमरेला दोर होता, तळहात सोलून निघालेले. बायकोला काढायला तोच विहिरीत उतरला होता. हे सगळ्या गावाने पाहिलं होतं, पण काचेतल्या चेहऱ्यापुढे सगळे विसरले. ते हसू नव्हतं, हंबरडा होता. आणि फोटोच्या कडेला, बाभळीआड, नवऱ्याच्या घराशेजारी राहणारा माणूस उभा होता. जबाबात त्याने सांगितलं होतं, ‘त्या दिवशी मी जळकोटला होतो.’

त्याला बोलावून फोटो पुढे ठेवला. त्याने फोटोतल्या स्वतःवर बोट ठेवलं. मग म्हणाला, “पाण्याचा नंबर माझा होता, साहेब. ती बाजूला सरकंना. म्या ढकललं.” चिठ्ठीतलं अक्षरही त्याचंच निघालं.

गेल्या वर्षी या प्रकरणावर माहितीपट करणारी मंडळी घरी आली. “सर, नवऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा हळूहळू जवळ नेतो, मागे गंभीर संगीत.”

मी म्हणालो, “तुम्ही जवळ जाल तसा बघणारा त्याला फाशी देईल. आधी लांबून दाखवा. कोण कुठं उभं आहे, ते कळू द्या.” त्यांनी ऐकलं.

नोकरीत अटका पुष्कळ केल्या, बक्षिसंही मिळाली. पण बाहेर जमाव ओरडत असताना त्या नवऱ्याला मी जीपमधून घरी सोडलं, त्या दिवसाचा अभिमान सर्वांत मोठा.