वाक्य खरं हवं

ताईला शेवटची भेटले ती मंगळवारी, नाशिक रोडच्या दवाखान्यात. "समीर निघालाय का गं?" तिनं विचारलं. समीर तिचा एकुलता एक, कॅनडात असतो. त्याचे कागद अडकले होते, त्याला निघताच येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "निघालाय. उद्या पोचेल." बुधवारी सकाळी ती गेली... सहा आठवडे झाले, मला अजून रडू आलेलं नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ताई इंदिरानगरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत बायकांना इंग्रजी शिकवायची. हट्ट एकच. वाक्य पुस्तकातलं नको, आपल्या घरातलं हवं, आणि खरं हवं. चार अर्थांचं 'मेक अप' आलं की गंमत असायची. नटणं, भांडण मिटवणं, बुडालेलं भरून काढणं, इथवर बायका भराभर वाक्यं देत. चौथा अर्थ मनानं रचून सांगणं. म्हणजे स्वतःची थाप कबूल करणं आलं. पंचवटीत भाजी विकणाऱ्या शोभाताई एकदा म्हणाल्या, "बाई, पोट दुखतंय म्हणून सासूला सांगितलं अन् माहेरी गेले. चालंल का?" "धावेल," ताई म्हणाली, "आता इंग्रजीत सांगा." मी चहा घेऊन आले की मलाही सोडायची नाही. "मी थापा मारत नाही," म्हणून मी सटकायचे. "ही पहिली," ती म्हणायची. सगळ्या हसायच्या आणि मला राग यायचा.

त्या मंगळवारी मात्र तिनं मला पकडलं नाही. कंगवा मागितला. मी वेणी घालून दिली, आणि ती दाराकडे तोंड करून पडून राहिली. मग कुणाशी बोललीच नाही.

ती गेली त्याच दिवशी समीरचा फोन आला. "मावशी, आई काही म्हणाली का गं?" मी म्हणाले, "म्हणाली, त्याला सांग, धावपळ करू नकोस, सावकाश ये." तो खूप रडला. मग म्हणाला, आता जरा बरं वाटतंय.

वर्ग मी जमेल तसा चालू ठेवलाय. परवा 'मेक अप' आलं. शोभाताई म्हणाल्या, "आधी तुमचं वाक्य." मी दोन्ही थापा सांगून टाकल्या, मराठीतच. कुणी हसलं नाही. शोभाताईंनी विचारलं, "त्याला सांगणार का?"

समीर रविवारी येतोय. आई नेमकं काय म्हणाली, ते पुन्हा विचारेल. खरं वाक्य एवढंच आहे, ती तुझी वाट बघत गेली. घरात कुणी नसताना मी ते म्हणून बघते. 'तुझी'पाशी अडकते.