शेवटच्या सायकलची घंटी

भावजी,

हे पत्र तुम्ही शेवटपर्यंत वाचणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. दुसऱ्यांना वाचता यावं म्हणून जन्मभर काचा घासल्यात, आणि स्वतःला मात्र दोन ओळींपलीकडे वाचायचा कंटाळा. म्हणून महत्त्वाचं आधी सांगून टाकते: पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. आता हवं तर घडी घालून ठेवून द्या.

घाटातला तो प्रसंग तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता आणि दर वेळी त्यातली बकरी मोठी होत जाते. मागच्या आठवड्यात ती म्हशीएवढी झाली होती, मी माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हा म्हटलं, आपणच एकदा धड लिहून काढावं. तुम्हाला न ओळखणाऱ्यांनाही कळलं पाहिजे, म्हणून आता तुमच्याशी बोलणं थांबवते आणि तुमच्याविषयी बोलते. मध्ये तोंड घालू नका.

तर हे माझे धाकटे दीर, वय पासष्ट. चष्म्याच्या दुकानामागे तीन पायऱ्या उतरून एक खोली आहे. तिला खिडकी एकच, तीही समोरच्या भिंतीकडे बघत बसलेली. तिथे घासायच्या चाकापाशी ते अडतीस वर्षं बसताहेत. चाकावर थेंब थेंब पाणी पडत असतं. डाव्या हाताला ट्रे लावलेले, प्रत्येक ट्रेमध्ये एक फ्रेम, दोन काचा आणि नंबराची चिठ्ठी. काच फ्रेमच्या मापाला घासायची, कडेवरून बोट फिरवायचं, पुन्हा घासायची. केसाएवढा फरक त्यांच्या बोटाला कळतो. जेवणात मीठ नाही हे मात्र तिसऱ्या घासाला कळतं, तेही मी विचारलं तर. जाऊबाई गेल्यापासून ते जेवायला खाली माझ्याकडे असतात. वरच्या मजल्यावर ते, खाली मी, आणि जिन्याच्या वळणावर त्यांची सायकल. तिच्या पायडलनं माझ्या गुडघ्याला किती वेळा प्रसाद दिला आहे, त्याची गणती नाही.

रविवारी त्यांचं आठ जणांचं टोळकं सायकली घेऊन बाहेर पडतं. पुढे असतात मास्तर. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाले, पण शिट्टी अजून गळ्यातच आहे. शेवटी असतात भावजी. शेवटची जागा कोणाला नको असते, कारण पंक्चर झालं, साखळी उतरली, कुणाला धाप लागली, की सगळं शेवटच्याच्या गळ्यात. भावजींनी ती जागा आपण होऊन घेतली. म्हणाले, एवीतेवी मी मागच्या खोलीतलाच माणूस.

त्यांचा एक नियम होता. प्रत्येक वळणावर शेवटच्यानं मागे वळून बघायचं, सगळे आपल्या पुढे आहेत याची खात्री करायची आणि घंटी दोनदा वाजवायची. मास्तरांनी ती ऐकून एकदा उत्तर द्यायचं आणि पुढे जायचं. दोनदा ऐकू आली नाही, तर सगळ्यांनी जागीच थांबायचं. इतका सोपा नियम. भावजींची घंटी जुनी, पितळी, जाड आवाजाची. इतरांच्या घंट्या किणकिणतात, यांची ठण्‌ ठण्‌ करते. ती ऐकून टोळक्यातला बेकरीवाला नेहमी म्हणायचा, चला, जनावरं आली घरी.

तर घाटाच्या आदल्या वर्षी काय झालं, भावजी बेकरीवाल्याशी गप्पा मारत एक जागा पुढे सरकले. वळण आलं. मागे न बघता, निव्वळ सवयीनं, हात घंटीवर गेला. ठण्‌ ठण्‌. मास्तरांनी उत्तर दिलं, सगळे पुढे गेले. मागे राहिलेले टपालवाले काका, टोळक्यात वयानं सगळ्यांत मोठे, पुलाखालच्या चरात गळपट्टीचं हाड मोडून पाऊण तास पडून होते. हाड जुळलं. काकांनी एका शब्दानं बोल लावला नाही, मास्तरांनी नाही, कुणीच नाही. भावजींना तेच लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तर माणूस मोकळा झाला असता. त्यांनी घंटी काढून मोडक्या फ्रेमांच्या खणात टाकली, सायकल वर खोलीत नेऊन ठेवली आणि अकरा महिने तिला हात लावला नाही. माझ्या गुडघ्याला सुख होतं, पण घरात एक माणूस जेवतो आहे की भिंत, हे कळेनासं झालं होतं.

मग एका दुपारी पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "वहिनी, या रविवारी मोठ्या घाटात जातोय. शेवटीच राहणार. सगळ्यांना घेऊन उतरलो तर ठीक. एक जरी मागे राहिला, तर सायकल विकली म्हणून समजा."

मी म्हटलं, जेवा आधी, गार होतंय. आणि पलीकडच्या गावात जाताच आहात, तर माझं एक काम करा.

काम एवढंच. कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीचं संख्याशास्त्राचं पुस्तक बावन्न वर्षं माझ्या कपाटात होतं. परीक्षेच्या आधी दोन दिवसांसाठी म्हणून आणलं आणि द्यायचं राहिलं. मी पहिल्या वर्गात पास झाले. ती त्याच विषयात नापास झाली. नंतर भेटी झाल्या नाहीत. त्याच सुमारास एका ओळखीच्या बाईकडून तिचा पत्ता हाती आला, घाटाच्या पलीकडे उतरलं की लगेच. मी पुस्तकाला वर्तमानपत्राचे सात थर गुंडाळले, सुतळी बांधली आणि वरच्या थरावर शाईच्या पेनानं ठळक पत्ता लिहिला. भावजींनी गठ्ठा हातात तोलून बघितला. "वहिनी, पुस्तक आहे की तान्हं मूल?"

रविवारी भावजींनी खणातली घंटी काढून सायकलला परत लावली. निघताना आभाळ ठीक होतं. पहिला डोंगर त्यांनी गप्पांत पार केला. दुसऱ्याच्या पायथ्याशी वारा सुटला, निम्म्यावर पाऊस आणि माथ्याला दोन किलोमीटर असताना गारा. भावजी सांगतात, गारा हेल्मेटवर अशा वाजत होत्या की डोक्यात कोणी डाळ निवडतंय असं वाटावं. परत फिरावं असा विचार प्रत्येकानं केला आणि आपण आधी बोलायचं नाही म्हणून प्रत्येक जण वर गेला. पुरुषांच्या टोळक्याचं हे असंच असतं. एक बाई होती त्यात, इस्पितळातली सिस्टर, नवीन, तिसऱ्यांदाच आलेली. तिला वाटलं, जुनी माणसं आहेत, यांना कळत असेल.

माथ्यावर तीन भिंतींचा बसथांबा होता. आठही जण त्यात कोंबून उभे राहिले, चिंब आणि कुडकुडत. मास्तर म्हणाले, चढताना अंग तापतं म्हणून निभावलं, आता एवढा उतार या वाऱ्यात ओल्या कपड्यांनी उतरलो तर छाती गारठून जाईल, छातीवर काहीतरी कोरडं हवं. कोरडं कोणाकडे काय असणार? बेकरीवाला म्हणाला, कागद चालेल, पहाटे थंडीत गाडी घेऊन जाताना मी तोच घालतो. मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि भावजींनी हळूच पिशवीतून माझा गठ्ठा काढला.

सात थर, आठ माणसं. जोडपानं फाडून पुरवली. ज्यानं त्यानं आपलं वर्तमानपत्र सदऱ्याखाली सरकवलं. वरचा, पत्त्याचा थर अंगानं मोठा म्हणून बेकरीवाल्याला मिळाला. पुस्तक उघडंच पिशवीत गेलं. भावजींना क्षणभर माझी भीती वाटली म्हणे. वाटायलाच हवी होती.

उतारावर धुकं होतं. भावजींना समोर सिस्टरच्या सायकलचा तांबडा दिवा दिसत होता, बाकी पांढरा अंधार. पहिलं वळण, मागे बघितलं, ठण्‌ ठण्‌. खालून मास्तरांची एक घंटी. दुसरं वळण, तसंच. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे तांबडा दिवा डगमगला, कडेच्या मातीत घुसला आणि थांबला. सिस्टर पडली नव्हती. ती हात पुढे धरून बोटांकडे बघत उभी होती.

"ब्रेक आहेत," ती म्हणाली, "बोटंच नाहीत."

बोटं वाकतच नव्हती. भावजींनी नियमाप्रमाणे घंटी वाजवली नाही. आता खाली शांतता ऐकून मास्तर थांबतील, सगळे थांबतील, मग हाक मारू, असा हिशेब. ते कान देऊन उभे राहिले.

आणि वरच्या उतारावरून, धुक्यातून, जाड आवाज आला. ठण्‌ ठण्‌.

खालून लगेच उत्तर आलं. एक घंटी. मग चाकांचा आवाज, लांब जाणारा.

बकरी होती. गळ्यात पितळी घंटा, मान हलवली की दोनदा वाजायची. ती खडकावर उभी राहून भावजींकडे बघत होती, काम चोख केल्यासारखी.

त्यांनी हाका मारल्या, पण वारा खालून वर चढत होता, त्यानं हाका त्यांच्याच तोंडावर परत टाकल्या. फोन भिजून मुका झालेला. भावजी मला एकदाच म्हणाले, परत कधी बोलले नाहीत, की तेव्हा त्यांना वाटलं आपण दोन आहोत. एक इथे उभा आहे आणि गेल्या वर्षीचा तो दुसरा पुढे निघून गेलाय, खोटी घंटी वाजवत.

सिस्टर शहाणी बाई. तिनं सांगितलं, तुम्ही भरभर खाली जा आणि कुणाला तरी घेऊन या, मी दगडाआड बसते. बोलणं बरोबर होतं. कुणीही तेच केलं असतं.

"सिस्टर," भावजी म्हणाले, "मागे माणूस ठेवून खाली जायची मला सवय लागलीय. ती मोडायचीय."

ती इस्पितळातल्या आवाजात म्हणाली, ठीक आहे, मग विंडचीटर उघडा आणि काखा मोकळ्या करा.

"काय करा?"

"माझे हात तुमच्या काखेत ठेवायचेत. बोटं लवकर सुटतील."

त्रेसष्ट वर्षांचा माणूस, उभ्या आयुष्यात परक्या बाईला हात लागला तर तो चष्म्याचं माप घेताना. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोक कुठे आहेत, एक बकरी आहे, आणि तिनं आधीच पुरेसा घोळ घातलाय. दोघं तशीच उभी राहिली, हलली की छातीवरचे कागद कुरकुरायचे. थोड्या वेळानं भावजींना काखेत एक बोट हललेलं कळलं. केसाएवढं. त्यांच्याइतकं ते दुसऱ्या कोणाला कळलं नसतं.

बोटं सुटली, पण ब्रेक दाबण्याइतकी नाही. सायकली हातात धरून ती चालत उतरू लागली, सिस्टर पुढे, भावजी मागे. वळण आलं. भावजी थांबले, वळून मागे बघितलं, कोणी नाही. पुढे सिस्टर. ठण्‌ ठण्‌.

"आता कोणाला वाजवताय?" तिनं विचारलं.

"मला."

घाटाच्या पलीकडच्या पायथ्याशी चहाची टपरी आहे. तिथे टपालवाले काका कोरड्या टॉवेलांची पिशवी घेऊन बसनं येऊन बसले होते. हाड मोडल्यापासून ते सायकलीवर नाही, पण टोळकं सोडलेलं नाही. सहा जण पोचले, कपात तोंड घालून वाट बघू लागले. पाच मिनिटांत धुक्यातून आवाज आला, ठण्‌ ठण्‌. बेकरीवाला म्हणाला, आली जनावरं घरी. आणि धुक्यातून बकरी बाहेर आली. वरून तिचीच घंटा ऐकत सगळे वळणांमागून वळणं उतरले होते, आणि ती आडवाटेनं आली होती. एकटीच.

मास्तर कप ठेवायला विसरले, म्हणे, कप हातात घेऊनच सायकलीकडे धावले. बेकरीवाला मागोमाग, दुसऱ्या वळणानंतर सायकल टाकून पायीच. इकडे भावजी वळणावळणाला घंटी वाजवत उतरत होते. सातव्या की आठव्या वळणावर त्यांनी दोनदा वाजवली आणि खालून, अगदी जवळून, एक घंटी आली. भावजी जागच्या जागी उभे राहिले.

मास्तर धुक्यातून वर आले. समोर दोनच माणसं, तरी बोट दाखवून मोठ्यानं मोजली. "एक. दोन." मग चढावरच खाली बसले.

टपरीवर टॉवेलात गुंडाळून बसवल्यावर भावजी काकांसमोर मान खाली घालून म्हणाले, आज पुन्हा झालं असतं. काकांनी चहा फुंकला. "माझ्या वेळी निदान एक बकरी तरी आणायची होतीत. मलाही कोणावर तरी रागावता आलं असतं."

भावजी हसले. अकरा महिन्यांचं साठलेलं हसले, ठसका लागेपर्यंत, मग शिंका सुरू झाल्या, मग काकाही हसायला लागले आणि हाड दुखतं म्हणून ओरडले.

पलीकडचं गाव तिथून जवळच होतं, पण गारठलेल्या अंगानं घर शोधत फिरायचा प्रश्नच उरला नव्हता. सगळे बसनं परतले. संध्याकाळी भावजी जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला म्हणाले, मीठ जास्त झालंय. सायकल जिन्याच्या वळणावर परत आली होती. मी गुडघा चोळला आणि पोळी वाढली.

आता पुन्हा तुमच्याशी, भावजी. पुस्तक मी पानापानांत टीपकागद घालून पाटाखाली दाबून वाळवलं. फुगून दुप्पट झालंय, पण अक्षर वाचता येतं. पहिल्या पानावर तिचं नाव आहे, कॉलेजातलं, माहेरचं. पत्ता मात्र त्या एकाच कागदावर होता, आणि त्याचा घामापावसानं लगदा झाला. एम. ए. झालेल्या बाईला तो दुसरीकडे लिहून ठेवायची अक्कल झाली नाही, आणि मूळ पत्त्याची चिठ्ठी मी टापटिपीच्या नादात फाडून टाकली होती. दिली होती त्या बाईला विचारलं, तर तिचीही वही सापडत नाही. बेकरीवाल्याच्या पोटावर शाई उलटी उमटली होती. त्याच्या बायकोनं आरशात धरून वाचायला सुरुवात केली, "…च्या मागे, दुसरं घर" इथपर्यंत आली, तेवढ्यात त्यानं अंगावर ऊन पाणी घेतलं.

कशाच्या मागे, ते कळलं नाही. तुम्ही म्हणालात, त्यात काय, गावात जाऊन विचारू, प्रत्येक गोष्टीच्या मागचं दुसरं घर बघू. मी म्हटलं, पुढच्या रविवारी जा. दर आठवड्याला तेच म्हणते, त्याला आता दोन वर्षं झाली. पुस्तक कपाटात वरच्या फळीवर आहे, आणि या खेपेला मी त्याला काहीच गुंडाळलेलं नाही.