तयार आणि राजी

भिंतीपलीकडचं माणूस गेल्याची बातमी मला फोनवर कळली, यापेक्षा आमच्या शेजाराबद्दल वेगळं काय सांगू? वाळूजच्या कंपनीच्या शिफ्टबसमधल्या जुन्या मंडळींचा एक ग्रुप आहे. त्यावर सकाळी कुणीतरी टाकलं, 'भगवानअण्णा गेले.' खिडकीतून पाहिलं तर त्यांच्या अंगणात माणसं जमलेली... आणि मी चप्पल घालून, जावं की न जावं करत, कितीतरी वेळ आपल्याच दारात उभा.

अण्णा मूळचे पिशोरचे, कंपनीत माझ्याहून थोरले. बसमध्ये रुमाल टाकून माझी खिडकीची जागा धरून ठेवायचे. सीताफळाच्या दिवसांत त्यांच्या पिशवीत माझ्यासाठी एक फळ असायचंच, चांगले डोळे उघडलेलं. "कच्चं आणलं की तू तोंड वाकडं करतो," म्हणायचे. मी तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत होतो. घराशेजारचा आपला रिकामा प्लॉट मला विकायचं त्यांनीच काढलं. "शेजारी कुणी बी येण्यापेक्षा तू ये." साठेखत झालं, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार. पण खरेदीखत होण्याआधीच अण्णांची बायको, आमच्या वहिनी, गेल्या. प्लॉटच्या कडेचं सीताफळीचं झाड वहिनींनी लावलेलं. दुपारचं काम आटोपलं की त्या तिथंच बसायच्या. ठरल्या दिवशी अण्णा रजिस्ट्री ऑफिसात आलेच नाहीत. विचारलं तर, "थांब जरा," एवढंच.

थांबलो. मग घरचे मागे लागले, वकील म्हणाले मुदत निघून जाईल, आणि मी करारपूर्तीचा दावा लावला. ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्यायला कोर्टाने त्यांना भाग पाडावं, असा. अशा दाव्यात एक ठरलेलं वाक्य असतं, 'वादी आपल्या बाजूने सदैव तयार आणि राजी होता व आहे.' मला ते तेव्हा फार आवडलं होतं. काय रुबाब वाटला होता त्यात!

अण्णांच्या वकिलाने त्यांना पळवाट दाखवली होती, हे नंतर कळलं. हा विक्रीचा कागद नव्हताच, उसनवारीपोटी लिहून दिला होता, असं म्हणायचं. तसं म्हणाले असते तर दावा वर्षानुवर्षं रखडला असता, कदाचित मी हरलोही असतो. पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून अण्णा म्हणाले, "सही माझीच हाय साहेब. इकायचंच ठरलं व्हतं. मोहन खोटं नाय बोलत. पण आता मी राजी नाय."

निकाल माझ्या बाजूने लागला. अण्णा तरीही सहीला आले नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी कोर्टाच्या माणसाने सही केली आणि मी मालक झालो. यात बेकायदा काही नाही. मी एक अक्षर खोटं बोललो नाही. हेच तर घशात अडकतं... कुठं चुकलो हे बोट ठेवून दाखवता आलं असतं, तर पाय धरून मोकळा झालो असतो.

घर बांधताना झाड मी ठेवलं, त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली. मध्ये भिंत आली. फांद्या मात्र अण्णांच्या अंगणात गेल्या. दर हंगामात त्या फांद्यांची फळं ते भिंतीवर ओळीने मांडून ठेवायचे. बोलणं बंद, त्यामुळे मी धरून चाललो की हा टोमणा आहे. घ्या मोहनराव, तुमचा माल! एकदाही हात लावला नाही मी. पाखरं खायची, मुंग्या लागायच्या.

मागच्या आठवड्यात त्यांची मुलगी सुनीता घर आवरायला आली होती. भिंतीपलीकडून तिने हाक मारली, "काका, एवढी सीताफळं लागलीत, उतरवू का? अण्णा तर लगेच भिंतीवर ठेवूच देत नव्हते. आधी ज्वारीत पिकवायचे. म्हणायचे, मोहनला कच्चं चालत नाय."

ती कुलूप लावून गेली. मी फळं उतरवून ज्वारीच्या डब्यात घातली. मऊ झाली की एकेक काढून भिंतीवर ठेवतो, त्यांच्या बाजूला. मी तयार आहे, राजीही आहे. पलीकडे उचलायला कुणी नाही.