उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "बाई, दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजली. हाडावर हाड घासून राह्यलं."

आजाराचं नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज. माझी फार पुढे गेली होती. उपाय सांगितला तो 'नी रिप्लेसमेंट', म्हणजे गुडघा बदलण्याचा. झिजलेला भाग काढून धातूचा आणि प्लास्टिकचा सांधा बसवायचा. आधी उजवा, मग डावा.

गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात मी जन्मभर धानाचा रोवणा केला, चिखलात वाकून एकेक रोप लावलं. आता नवऱ्याच्या आधाराशिवाय खाटेवरून उठता येत नव्हतं. विचार करायचंही त्राण नव्हतं. हो म्हटलं.

चंद्रपूरला ऑपरेशन झालं. कमरेखालीच भूल होती, त्यामुळे हातोडीचे ठोके ऐकू येत होते. दुखलं ते नंतर. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली.

पण खरा त्रास घरी आल्यावर. फिजिओथेरपी, म्हणजे गुडघा वाकवायचा व्यायाम, रोज करायचा होता. हे माझा पाय धरत आणि मी ओरडत असे. तपासणीला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "स्टिफनेस आला आहे, सांधा आखडतो आहे. असाच राहिला तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल."

घरी येऊन ह्यांनी पाय धरला. मी हात झटकला. "माह्यानं नाई होत जी आता."

"मले का बरं वाटते का तुले रडवून?" हे म्हणाले आणि तिथेच खाली बसले. स्वयंपाक, माझी आंघोळ, कपडे, सगळं हेच करत होते. तोंडावर हात घेऊन रडू लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मग मीच टाचेखाली टॉवेल घालून पाय ओढला. जीव जायची वेळ आली, पण ओढला. नणंदेला बोलावून घेतलं आणि ह्यांना वरोऱ्याला भावाकडे पाठवलं. तिथे ते नुसते झोपले म्हणे.

गुडघा हळूहळू वाकला. पुन्हा भूल घ्यावी लागली नाही. मांडी घालता येत नाही, रोवणा सुटला तो सुटलाच. पण बुद्धविहारापर्यंत चालत जाते, तिथे खुर्चीवर बसते.

आता डाव्याची पाळी आहे. तुमच्या घरी हे ऑपरेशन ठरलं असेल तर सोबतच्या माणसाला विसावा कोण देणार, तेही आधीच ठरवा. मी नणंदेला सांगून ठेवलं आहे. ह्यांनाही म्हटलं, "थकले का सांगत जा जी. चूप नका राहू."

"आत्ताच थकलो," हे म्हणाले, आणि दुपारचे झोपायला गेले.