बाविसांतला एक

फुटबॉलची मॅच कोचसाठी रेकॉर्ड करणाऱ्याला नियम एकच. बावीसच्या बावीस खेळाडू फ्रेममध्ये दिसले पाहिजेत. बॉल कुठंही जाऊ दे, कुणी पडू दे, कुणी भांडू दे, कॅमेरा जवळ न्यायचा नाही. कोचला चेहरे नको असतात. कोण कुठं उभा होता, एवढंच त्याला बघायचं असतं. हा नियम मी तीन वर्षं पाळला आणि एकदा मोडला.

मी नागपूरचा. वडील आरा मशीनवर कामाला, आई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी न लाजता सांगतो. डिग्रीचा फोटो निळ्या कोटातल्या फोटोच्या शेजारी लावायचा हट्ट वडिलांनी धरला, तेव्हा मीच म्हणालो, जरा खाली लावा. पुढं सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आलो. इथं सगळे गाडीतून जातात, गाडीतून येतात. शनिवारी दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे सुपरमार्केटच्या टिलवरची बाई, आणि ती पण "बॅग हवी का?" एवढंच बोलायची. मराठी मंडळींचं क्रिकेट असतं, पण माझ्या हातून कॅच सुटायचे आणि मग कुणी टीममध्ये घेईना. तेवढ्यात अर्ध्या तासावरच्या एका गावातल्या क्लबची जाहिरात दिसली. खालच्या डिव्हिजनचा क्लब. त्यांच्या रिझर्व्ह टीमच्या मॅच रेकॉर्ड करायला, कॉम्प्युटर कळणारा, हौशी माणूस हवा होता. मैदानाच्या मधल्या रेषेसमोर पाइपांचा उंच मनोरा उभा केलेला होता. त्यावर चढून बसायचं. मला ती जागा आवडली.

एके दिवशी मॅच संपवून शिडी उतरलो तर खाली तो उभा. क्लबचा सेंटर बॅक, पाच नंबर, घानाचा. उंची एवढी की मी दोन पायऱ्या वर असूनही आमचे डोळे एका पातळीत.

"वर बसतो तो तूच का?"

"हो. का?"

"माझी आई तुझ्यावर रागावलीय."

मी घाबरलोच. मग तो हसला. क्लबकडून मिळालेलं रेकॉर्डिंग तो कुमासीला आईला पाठवायचा. ती तिथल्या बाजारात कापड विकते. तिचं म्हणणं, यात सगळ्या मुंग्याच आहेत, यातली माझी मुंगी कुठली?

"नंबर बघायला सांग. पाच."

"सांगितलं. म्हणाली, मुंगीच्या पाठीवरचं वाचायला मी कुठून चष्मा आणू?"

"मग हायलाइट्स पाठव."

"इंजिनीयर," तो म्हणाला, आणि तेव्हापासून मला त्यानं दुसरी हाक मारली नाही, "मी डिफेंडर आहे. हायलाइट्समध्ये मी दिसतो तेव्हा कुणीतरी मला चकवून पुढं गेलेलं असतं."

हळूहळू आमची गट्टी जमली. मी तर्रीवालं मटण डब्यात न्यायचो. पहिल्या घासाला त्याच्या कपाळावर घाम आला आणि तो म्हणाला, "बारा वर्षांनी या देशांत कुणीतरी जेवायला घातलं." एकोणिसाव्या वर्षी तो नॉर्वेला आला होता, बूट बर्फात रुतायचे म्हणे. मग बेल्जियम, मग इंग्लंड. सहा क्लब झाले, सहाही घरं भाड्याची, त्यातलं सामानही घरमालकाचं. त्याची स्वतःची वस्तू एकच, मिरची वाटायचं मातीचं खरबरीत भांडं. प्रत्येक देशात तेवढं हातात धरून न्यायचा.

बेल्जियममध्ये त्याचा गुडघा गेला तेव्हा त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. तो व्हिडिओ कुणीतरी उत्साहानं त्याच्या आईला पाठवला. तेव्हापासून ती मॅच चालू असताना बघत नाही. मॅच संपली की हा फोन करतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "माझ्या पायांनी चालत बाहेर आलो." त्याशिवाय ती हॅलोसुद्धा म्हणत नाही. मग रेकॉर्डिंग बघायला बसते आणि मुंग्यांत मुलगा शोधते.

मला हे फार जवळचं वाटलं. नव्या नोकरीत लागलो तेव्हा मी पण आईला व्हिडिओ कॉलवर सगळं ऑफिस फिरवून दाखवलं होतं. काचेची भिंत, कॉफीचं मशीन, बाहेरचं तळं. सगळं बघून झाल्यावर ती म्हणाली, "बिल्डिंग मस्त हाये रे. पण त्यात तू कुठी हायेस? मले तू दाखव ना." मी म्हणालो, मीटिंग आहे, नंतर दाखवतो.

आम्हा दोघांचं आणखी एक सारखं होतं. दोघंही मालकाच्या कागदावर या देशात. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरा मालक शोधा, नाहीतर घरी जा. माझी कंपनी बरी चालली होती. त्याचं कॉन्ट्रॅक्ट मात्र जूनमध्ये संपत होतं. वय एकतीस. शरद ऋतूत तोच गुडघा पुन्हा दुखावला आणि तो पाच महिने बाहेर बसला. मे महिन्यात क्लब यादी लावतो, कोण राहणार, कोण जाणार. त्याआधी एप्रिलमधल्या एका मंगळवारी दुपारी रिझर्व्हच्या मॅचमध्ये त्याला अर्धा वेळ खेळवणार होते. मॅनेजर पहिल्या टीमबरोबर बाहेरगावी होता. तो रेकॉर्डिंग बघून ठरवणार होता.

मी हाफ डे टाकून गेलो. मॅचआधी तो शिडीपाशी आला.

"इंजिनीयर, वॉर्म-अप करताना पाच मिनिटं माझ्यावर कॅमेरा धरशील? आईला पाठवीन. तोंड दिसू दे."

मी कॅमेरा जवळ नेला. तीन वर्षांत मी त्याला वरून कधी असं बघितलं नव्हतं. हनुवटीवरची जुनी जखम, मोजे वर ओढायची सवय, वाकून गवताची एक काडी तोडून दातांत धरणं. शिट्टी वाजली, मॅच सुरू झाली. आता मागं जायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एक विचार आला आणि तो मला त्या वेळी फार हुशारीचा वाटला. मॅनेजरला याचाच गुडघा बघायचाय ना? मग कॅमेरा याच्यावरच ठेवू. मॅनेजरचं काम होईल, आईचंही होईल. शिकलेल्या माणसाच्या चुका अशाच असतात, तर्काला धरून.

पंचेचाळीस मिनिटं मी त्याला सोडलं नाही. तो ओरडत होता, हातानं इतरांना जागा दाखवत होता, नाक पुसत होता. एकतिसाव्या मिनिटाला तो घसरत फ्रेमच्या तळाशी गेला, समोरच्या टीमची माणसं "नो!" म्हणून किंचाळली, आणि तो उठला तो हसतच. तो होता तोवर आमच्यावर गोल झाला नाही. तो अर्ध्या वेळी बाहेर आला, नंतर दोन झाले. जाताना वर बघून त्यानं दोन्ही मांड्यांवर थापा मारल्या. चालत बाहेर आलो, बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या ॲनालिस्टचा फोन. तरुण मुलगी, एरवी फार गोड बोलायची.

"तू हे काय पाठवलंयस?"

"का? तोच आहे ना सगळ्यात?"

"तोच आहे! डिफेन्सची लाइन कुठंय? बॉल कुठंय? त्यानं काय अडवलं ते कुठं दिसतंय? एक माणूस पाऊण तास गवतात फिरतोय, हे मी मॅनेजरला दाखवू?"

मी लॅपटॉप उघडून ते रेकॉर्डिंग परत लावलं. तिचं बरोबर होतं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो त्या मातीच्या भांड्यात मिरची वाटत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला.

"बॉल अजिबात नाही?"

"दोन-तीनदा. कडेला."

"आणि मी?"

"पूर्ण वेळ."

त्यानं परत वाटायला सुरुवात केली, पहिल्यापेक्षा जोरात. बराच वेळ. मग मान वर न करता म्हणाला, "तू आज घरी जा."

मी गेलो. तीन दिवसांनी एका ओळीचा मेसेज आला. "तिच्यासाठी पाठव."

मे महिन्यात यादी लागली, राहणाऱ्यांत तो नव्हता. त्याला सांगितलं की वय, गुडघा, नवीन तरुण खेळाडू. हे आधीच ठरलं होतं, तू मनाला लावून घेऊ नकोस, असं ॲनालिस्ट म्हणाली. ती खरंही सांगत असेल. मला ते कधीच कळणार नाही. एवढं मात्र खरं की पुढच्या दोन महिन्यांत ज्या ज्या क्लबला त्यानं विचारलं, त्यांनी एकच मागितलं, दुखापतीनंतरच्या मॅचचं रेकॉर्डिंग. आणि ते माझ्याकडे होतं तसं होतं.

जुलैत मी त्याला विमानतळावर सोडलं. भांडं पाच नंबरच्या जर्सीत गुंडाळून मांडीवर घेतलेलं. उतरताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ राहिला, आणि तो आत गेला.

आता तो कुमासीत आहे. सकाळी एकटाच धावतो, जिममध्ये जातो, एजंटचा फोन येईल म्हणून मोबाइल खिशात घेऊन फिरतो. मध्यंतरी त्यानं एक व्हिडिओ पाठवला. दुकानाच्या दारात ठेंगण्या स्टुलावर त्याची आई, हातात फोन, फोनवर माझी फिल्म. हा कॅमेऱ्यामागून काहीतरी म्हणतो. ती त्याच्याकडे न बघता हातानं गप्प करते. खाली त्यानं लिहिलं होतं, "मी म्हटलं, आई, मी इथं उभा आहे. ती म्हणाली, थांब, आता तू हसणार आहेस."

मी तो व्हिडिओ पाहिला आणि दुपारी कॅन्टीनमध्ये फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून नागपूरला लावला. जेवलो. आई बघत राहिली. "कायले हसून रायला?" म्हणाली. मी म्हणालो, काही नाही.

मनोऱ्यावर मी अजून जातो. बावीसच्या बावीस दाखवतो. पाच नंबर आता दुसऱ्या कुणाच्या पाठीवर आहे.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "इंजिनीयर, ती एकतिसाव्या मिनिटाची टॅकल. मी घसरून बॉल काढला ती. त्यांचा नऊ नंबर, तो फॉरवर्ड, सुटला होता ना? किती पुढं होता तो?"

तो हे कुणाला तरी सांगणार होता, एखाद्या एजंटला, कदाचित स्वतःलाच. चार पावलं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला खोटं बोलता आलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मला नाही दिसलं. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो."

तिकडं मागं त्याच्या आईचा आवाज आला, तिनं काहीतरी विचारलं, त्यानं तिला तिच्या भाषेत सांगितलं. ती दोन शब्द बोलली.

"आई म्हणते, बरोबर केलंस."

"आणि तू?"

"मी नाही म्हणत," तो म्हणाला. फोन मात्र त्यानं ठेवला नाही. मीही नाही.