चूक जिथं, खुलासा तिथं

साप्ताहिकाची बातमी आठ दिवसांत शिळी होते. किस्से मात्र शिळे होत नाहीत, उलट मुरतात. परवा नांदेडला एका लग्नात आमच्या जुन्या साप्ताहिकाचे दोन वाचक भेटले. पंगतीत बसून आम्ही इतकं हसलो, की वाढप्यानं आम्हाला सोडून पुढच्यांना जिलबी वाढली. जिलबी गेली ती गेलीच, निदान किस्से तरी लिहून ठेवावेत म्हटलं.

लातूर नवा जिल्हा झाला होता. पाठोपाठ दुष्काळही आला. आमचं साप्ताहिक चार पानांचं आणि माणसं तीन. संपादक म्हणजे गुरुजी, उदगीरच्या कापड दुकानदाराचे चिरंजीव. गल्ला सोडून शाळेत लागले आणि शाळा सोडून पेपर काढला. हबीबचाचा छपाईचे खिळे जुळवायचे. मी बातमीदार, प्रूफरीडर आणि गठ्ठे एसटीत टाकणारा हमाल!

*

नव्या जिल्ह्यात साहेब आधी आले आणि ऑफिसं मागून. कुणाचं ऑफिस गोदामात, कुणाचं लॉजच्या माडीवर. पाटी कुठंच नाही.

एकदा एक नवे साहेब फायली काखेत मारून आमच्या दारात आले. म्हणाले, "तुम्ही पेपरवाले ना? टंचाईचं ऑफिस कुठं आहे?"

गुरुजी म्हणाले, "टंचाईचे साहेबच नवे आलेत म्हणे. त्यांना विचारा."

"तो मीच!"

आमच्या बाकड्यावर एक बाई अर्ज घेऊन बसलेली होती. सखरबाई, एका वाडीच्या खालच्या वस्तीतली. ती उठून म्हणाली, "साहेब, घावलं तर मला बी सांगा. चार दिस झाले, म्या बी तेच हुडकतीया."

साहेबांनी तिचा अर्ज तिथंच, आमच्या बाकड्यावर घेतला. लिहायला पेनही आमचाच. तो परत आला नाही.

*

गुरुजींचा एक नियम होता. चूक जिथं, खुलासा तिथं. पहिल्या पानावर चुकलो तर खुलासा पहिल्याच पानावर, त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या टायपात. बाकीचे पेपर खुलासा शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात छापत. गुरुजी त्याला चोरी म्हणायचे.

एका महाराजांनी पावसासाठी यज्ञ केला. आम्ही छापलं, 'यज्ञ झाला, पाऊस नाही.' दुसऱ्या दिवशी दहा-बारा भक्त प्रेसमध्ये. "आमच्या शिवारात शिंतोडे पडले! तुम्ही नास्तिक आहात!"

गुरुजींनी शांतपणे सदऱ्याचं बटण काढलं आणि गळ्यातलं इष्टलिंग बाहेर ओढलं. "मग ही काय कुलपाची किल्ली हाय का?"

भक्त गेले. तरी पुढच्या अंकात, पहिल्या पानावर, ठळक टायपात छापून आलं: 'खुलासा. पाऊस पडला होता. आमचा प्रतिनिधी पोचेपर्यंत वाळला.'

महाराजांनी त्या अंकाच्या पन्नास प्रती मागवल्या!

*

सखरबाईच्या अर्जावर टँकर मंजूर झाला, वाडीला आलासुद्धा. पण तो वरच्या विहिरीत रिकामा व्हायचा. त्या विहिरीला खालच्या वस्तीची घागर लागू देत नसत. कुणी वरून ओतलं तर ओतलं, नाहीतर उन्हात उभं राहा. मी स्वतः पाहून आलो. एका म्हाताऱ्यानं तासभर ओंजळ धरली होती. माझं डोकं असं भणाणलं, की येताना एसटीत कंडक्टरशी विनाकारण भांडलो.

बातमी लिहून चाचांकडे दिली. थोड्या वेळानं चाचा खिळ्यांचा खण उलटा करून दाखवायला आले. "गुरुजी, टँकर, टंचाई, टाकी... इस हफ्ते मेरा 'ट'च खतम हो गया. टँकर जरा कम करो."

"अजून कमी करू?" गुरुजी म्हणाले. "हायेत किती चाचा!"

शेवटी चाचांनी सिनेमाच्या जाहिरातीतले 'ट' उपटून बातमीत घातले. पहिल्या पानावर मथळा लागला, 'खालच्या वस्तीत टँकर जात नाही.'

*

अंक वाडीत पोचला आणि तिसऱ्या दिवशी सरपंच जीप घेऊन प्रेसवर हजर.

"साफ खोटी बातमी हाय! चला, आत्ताच्या आत्ता दाखवतो."

आम्ही गेलो. बघतो तर टँकर बरोबर खालच्या वस्तीत उभा! बाया भराभर घागरी भरत होत्या. तो ओंजळवाला म्हातारा चक्क अंगावर पाणी ओतून घेत होता.

गुरुजींनी सखरबाईला विचारलं, "रोज येतो का?"

ती सरपंचाकडं बघून म्हणाली, "आज तर आलाय की."

परत येताना मी तावातावानं म्हणालो, "गुरुजी, छापली तेव्हा बातमी खरीच होती!"

"आज खरी हाय का?"

"नाही."

"मग?"

गुरुजींच्या पेपरात खोटं छापून आलं, हे त्यांच्या जिवाला फार लागलं. तोंड कारलं खाल्ल्यासारखं करून त्यांनी खुलासा लिहिला: 'गेल्या अंकातील बातमी चुकीची आहे. खालच्या वस्तीत टँकर जातो.' पहिलं पान, तोच टाईप. सिनेमाचे 'ट' परत कामाला लागले.

सरपंच खूष. पेढे घेऊन आले. गुरुजी पेढा हातात घेऊन म्हणाले, "आता हा खुलासा खोटा निघू नये, एवढं बघा. निघाला तर खुलाशाचा खुलासा छापावा लागंल. पहिल्या पानावर. म्हणून मी अधूनमधून येऊन बघत जाणार."

"कधी येणार?"

"ते काय मलाबी ठाऊक न्हाई."

सरपंच पेढ्यांचा पुडा तिथंच विसरले.

*

पुढं दोन महिने गुरुजींच्या वतीनं मीच कधी सोमवारी, कधी गुरुवारी, भर दुपारी वाडीत जाऊन टपकायचो. दरवेळी टँकर खालच्या वस्तीत! खुलासा पक्का खरा ठरत गेला आणि गुरुजी दिवसेंदिवस खंगत गेले. गावातला दुसरा संपादक रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय गुरुजी, या आठवड्यात खुलासा कशाचा?" गुरुजी मान खाली घालून निघून जायचे. पेपर बंद करायची भाषासुद्धा करू लागले होते.

अशात एके दिवशी सखरबाई वस्तीतल्या सहा-सात बाया घेऊन प्रेसमध्ये आली. बाकड्यावर बसली, पाणी प्याली. म्हणाली, "गुरुजी, तुमची बातमी खोटी पडली म्हून तुमी लई मनाला लावून घेतलंय म्हणं."

गुरुजींनी पुढ्यातलं प्रूफ जवळ ओढलं.

"तसं करू नका. आमी एक नवी बातमी आणलीया. आमच्या वस्तीत लाईटीचा खांब न्हाई. तेवढी छापा."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "बाई, ही तरी खरी हाय का?"

"आज खरी हाय," सखरबाई म्हणाली. "तुमी छापून तर बघा. निघंल की खोटी!"