एकाच साबणाचा कर

स्टँडजवळच्या किराणा दुकानात एक गृहस्थ रांग मोडून पुढे घुसले. “आम्ही कर भरतो, म्हणून देश चालतो,” असं साबणाची वडी काउंटरवर ठेवत सगळ्यांना ऐकवू लागले. मागे ढकलल्या गेलेल्या मावशींच्या हातातही तोच साबण होता, आणि त्यांची एसटी सुटायला आली होती.

दुकानदार म्हणाला, “मावशी, कर तुम्हीही भरता. साबणाच्या किमतीतच असतो.”

“अगं बाई! यांच्याएवढाच?”

“तेवढाच.”

साबणाला कुणाची कमाई कळत नाही. तोच कर एका खिशात हरवून जातो आणि दुसऱ्या घरी चहातली साखर कमी करतो. याला समानता म्हणायची पद्धत आहे.

मावशींनी पदर खोचला. “मग सरका, साहेब. माझी एसटी चुकली तर देश कोण चालवणार?”

साहेब सरकले.